चौदा चिंचोके

दौंडच्या आमच्या जुन्या घरात देवघराच्या कोनाड्यात पितळेचे दोन डबे असायचे. सकाळी डाव्या डब्यात चौदा चिंचोके असत आणि उजवा डबा रिकामा. दिवेलागणीपर्यंत सगळे चिंचोके उजवीकडे गेलेले असायचे. रात्री निजण्याआधी आजी ते परत डाव्या डब्यात ओतायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच देवघरात असे दोन डबे असतात.

ही सगळी ये-जा आत्याआजीसाठी होती. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. तिला विसापर्यंत मोजता यायचं. हातांची बोटं संपली की ती पायांच्या बोटांवर जायची आणि तीही संपली की तिच्यापुरते आकडे संपायचे. वीस वाती वळून झाल्या की त्यांना दोरा गुंडाळायचा, जुडी सुपात ठेवायची आणि एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात टाकायचा. डावा डबा रिकामा झाला की दिवसाचं काम झालं. चौदा जुड्या म्हणजे २८० वाती. वर्षात आठवडाभराचं आजारपण धरलं तरी लाख वाती पुऱ्या व्हायच्या. हा हिशेब आजीनं मांडलेला होता. तो तिला कुठं सुचला, ही गोष्ट ती आम्हा नातवंडांना पुष्कळदा सांगायची आणि तिची सुरुवात ठरलेली असायची.

"कुणावाचून कुणाचं अडत नाही म्हणतात ना, ते काही खरं नाही. निदान खरं असू नये."

आजी लग्न होऊन आली तेव्हा आत्याआजी पंचविशीची होती. घरचे तिला भोळी म्हणत, गल्लीतले खुळी. आजोबा जीआयपी रेल्वेत कारकून होते; त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी 'मंदबुद्धी' असा शब्द दिला होता, पण तो घरात कुणी वापरला नाही. पणजी तिचं सगळं करायची. न्हाऊ घालायची, वेणी घालायची, पानात भात कालवून द्यायची. आत्याआजी दिवसभर ओसरीवर बसून असायची आणि मनमाडकडची गाडी सुटली की धुराकडे बोट दाखवून हसायची. एका चुलत सासूबाईंनी तिच्यासमोरच म्हटलं होतं, "खायला काळ आणि भुईला भार." त्यावरही ती हसली. आजी सांगायची, "मला तेव्हा कळलं, की वन्संना बोलणं कळत नाही असं नाही. आपल्याकडे बघून कुणी काहीतरी बोललं, याचाच त्यांना आनंद होता."

१९४४ साली पणजी गेली. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, केडगावला पंडिताबाईंच्या आश्रमात नेऊन सोडा, तिथं असल्या बायका ठेवून घेतात. बाकीचे म्हणत, काहीही करा पण तिथं नको, तिथं बाटवतात. "दोन्हीकडचे तावातावानं बोलत होते," आजी म्हणायची, "पण उद्यापासून वन्संना भात कोण कालवून देणार, हे कुणी विचारलं नाही. पंगत उठली तेव्हा त्या पानाशी तशाच बसून होत्या."

केडगाव आमच्यापासून फार लांब नाही. पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलं की पाटसानंतर थोड्या वेळानं येतंच. पण माणसांच्या मनात ते फार लांब होतं आणि ते लांब का होतं, हे समजून घ्यायला आजीच्याही आजीच्या काळात जावं लागतं.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिनं हे करावं याचा इथल्या लोकांना बसलेला धक्का ओसरायच्या आत त्या परतल्या. ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. शाळा विधवांची, पैसा अमेरिकेतल्या मंडळाचा, बोली अशी की धर्म शिकवायचा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचं पुढे लग्न झालं त्या गोदूबाई या सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या आणि मुली तिथं जाऊन बसायच्या. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आजीची आजी तेव्हा पुण्यात होती. शेजारच्या वाड्यातली एक विधवा मुलगी अशीच टांग्यात घालून परत आणली होती. तिच्या हातातली पाटी घरच्यांनी काढून घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही, असं ती सांगायची. पाटी काढून घेणाऱ्यांचं भय खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. शारदासदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण घरी आणलेल्या मुलीचं पुढे काय झालं हे सांगताना आजीची आजी नेहमी गप्प व्हायची.

रमाबाई स्वतः दुष्काळाच्या पोटी वाढलेल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर हिंडले. त्या वणवणीत, उपासमारीत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. म्हणून १८९६-९७च्या दुष्काळाच्या बातम्या मध्य प्रांतातून येऊ लागल्या तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढी माणसं शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला त्यांनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षांपुरताच मदतीचा शब्द दिला होता. पुढे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून तिथं फळबाग करायची, असा मूळ बेत. त्या बागेच्या जागेवर मुक्तिसदन उभं राहिलं. मग लोक ज्याला छप्पनचा म्हणतात तो दुष्काळ आला, गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि १९००च्या सुमारास केडगावच्या माळावर दोन हजारांच्या घरात माणसं राहू लागली.

एवढ्या माणसांना नुसतं खाऊ घालायचं म्हटलं तरी पुरेसं काम होतं. पण रमाबाईंना नुसतं खाऊ घालायचं नव्हतं. तिथं बायका शेत करायच्या, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या सांभाळायच्या, घाण्यावर तेल काढायच्या, मागावर कापड आणि सतरंज्या विणायच्या, भांड्यांना कल्हई लावायच्या, भांड्यांवर नावं घालायच्या. सांडपाण्याचं आणि मैल्याचं खत करायच्या. छापखाना होता, तिथं मुली खिळे जुळवायच्या आणि सोडवायच्या, फर्मे मोडायच्या, पुस्तकं बांधायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्या ५ एप्रिल १९२२ला गेल्या आणि १९२४ साली ते अखंड बायबल त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. दुष्काळात रस्त्यावरून उचललेल्या मुलींनी जुळवलेले खिळे होते ते. त्या काळी पुण्यामुंबईच्या छापखान्यांत बाई जुळारी विरळाच.

आणि यांतच, त्याच आवारात, ज्यांना डोळे नाहीत, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, ज्यांची अक्कल लहान मुलाएवढी राहिली अशाही होत्या. दुष्काळ डोळे नेतो; उपासमारीनं आणि देवीनं आंधळी झालेली मुलं तेव्हा प्रत्येक गावात होती. १९०० सालीच मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड बाईंनी अंध मुलांची शाळा काढली, तीही दुष्काळाच्याच पाठीवर. केडगावला अंधांसाठी जे घर होतं त्याचं नाव बार्तमी सदन. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसणारा आंधळा बार्तीमय बायबलात आहे, त्याच्यावरून ठेवलेलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिनं तिथल्या अंध बायकांना शिकवलं. साऱ्या भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरायला १९५१ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी केडगावच्या माळावर बायका बोटांनी मराठी वाचत होत्या.

रमाबाईंना हे सुचलं कसं, याचं उत्तर चरित्रकार त्यांच्या श्रद्धेत शोधतात. ते असेलच. मला मात्र त्यांच्या कानांची आठवण येते. इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, पण त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ती वाट बंद झाली. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि तिथंच संस्कृत शिकवू लागल्या. शरीरातलं एक दार लागलं म्हणजे माणूस संपत नाही, दुसरं काम धरतो, हे त्यांना स्वतःवरूनच कळलेलं होतं.

आमच्याकडच्या गोष्टींत आंधळेपांगळे नाहीत असं नाही. आजीच मला कूर्मदासाची गोष्ट सांगायची. पैठणचा कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत. लोळत लोळत पंढरीला निघाला आणि लऊळपर्यंत येऊन थकला. तेव्हा विठोबा स्वतः त्याला भेटायला लऊळला आला. कुर्डुवाडीच्या बाजूला आहे हे लऊळ, आमच्याच रेल्वेच्या वाटेवर. गोष्ट सांगून झाली की आजी क्षणभर थांबायची. "देव भेटला रे बाबा त्याला. पण चार महिने तो वाटेनं लोळत येत होता, तर वाटेतल्या कुठल्या गावानं त्याला म्हटलं नाही, की थांब, आमच्याकडे तुझ्याजोगं एक काम आहे."

विदर्भातले गुलाबराव महाराज वर्षाचे व्हायच्या आत आंधळे झाले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शेकड्याहून जास्त ग्रंथ सांगून गेले. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण ज्याला प्रज्ञा बेताचीच मिळाली आणि चक्षूही नाहीत, त्याला आपल्या भाषेत काही मानाचा शब्द नाही. असामान्य अपंगाला आपण पायरी चढून गाभाऱ्यापर्यंत नेतो. साध्या अपंगाची जागा पायरीवर. मी लहानपणी पाहिलेल्या प्रत्येक देवळाच्या दारात आंधळ्यापांगळ्यांना बसायला जागा होती, चिल्लर होती, सणाला पुरणाची पोळीसुद्धा होती. आत फुलं निवडायला, गंध उगाळायला, उंबरा सारवायला त्यांच्यापैकी कुणी दिसलं नाही.

तर तेराव्यानंतर महिनाभरानं आजी आत्याआजीला घेऊन केडगावला गेली. तेव्हा आजी जेमतेम तेवीस वर्षांची. नुसतं बघून यायचं, असं ठरलं होतं. आजोबांनी पास काढून दिला आणि स्वतः कामावर गेले.

आवारात काय काय पाहिलं ते आजी सांगायची तेव्हा दर वेळी थोडं बदलायचं. कधी गाई जास्त असायच्या, कधी चर्चचा मनोरा आणखी उंच व्हायचा. बदलायची नाही ती एकच गोष्ट. एका पडवीत आंधळ्या बायका वेताच्या खुर्च्या विणत बसल्या होत्या. आजोबांच्या कचेरीत तशाच खुर्च्या होत्या. त्यांची बैठक कुणीतरी हातांनी विणतं, हे आजीला तोवर सुचलंही नव्हतं. एक वयस्क बाई चौकटीवरची भोकं बोटानं चाचपत होती, ओल्या वेताची पट्टी एका भोकातून वर काढून दुसऱ्यातून खाली घालत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. आजीला वाटलं, प्रार्थना. जवळ गेल्यावर कळलं, ती भोकं मोजत होती.

पट्ट्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात भिजत होत्या. आत्याआजी जाऊन सरळ त्या घमेल्यापाशी बसली. तिला पाणी आवडायचं. बाईनं हात पुढं केला तेव्हा तिनं एक पट्टी काढून त्या हातात दिली. पुन्हा हात आला, पुन्हा दिली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. एक मडम बाई आजीशी मराठीत बोलत होत्या, ठेवून घेण्याचे नियम सांगत होत्या, प्रार्थनेच्या वेळा सांगत होत्या. आजी ऐकत होती आणि तिचं लक्ष पडवीकडे होतं.

निघायची वेळ झाली. आजीनं आत्याआजीला उठवलं. विणणाऱ्या बाईनं हात पुढं केला. हातात काही आलं नाही. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "पट्टी देणारी कुठं गेली? आत्ता कुठं हात बसला होता."

"त्या बाईला वन्संचं नाव माहीत नव्हतं," आजी म्हणायची. "तोंडही दिसत नव्हतं. वेडी आहे का शहाणी आहे, तेही कळायचं कारण नव्हतं. तिचं काम अडलं, एवढंच. वन्संच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यामुळं कुणाचं काही अडलं ते पहिल्यांदा."

परतीच्या गाडीत आत्याआजी सारखी आपल्या ओल्या हातांचा वास घेऊन बघत होती.

त्या रात्री आजीनं घरातली सगळी कामं मनातल्या मनात मांडली. भात निवडायला दिला तर खडे तसेच राहायचे. शेंगा सोलायला दिल्या तर अर्ध्या पोटात जायच्या. पाणी भरायला आडावर पाठवायची सोय नव्हती. काम असं हवं होतं की त्यात हात एकाच रितीनं फिरेल, चुकलं तरी कुणाला इजा होणार नाही, आणि ज्याच्यावाचून घराचं रोज खरोखर अडेल. खोटं काम द्यायचं नाही, यावर आजी ठाम होती. "नुसतं गुंतवून ठेवायला दिलेलं काम माणसाला कळतं. लेकराला रिकामं जातं फिरवायला दिलं तर तेही दोन दिवसांत सोडून देतं."

दिवा तर रोज लागायचाच. घरात वाती पणजी वळायची आणि पणजी गेल्यापासून त्या विकत येत होत्या. आजीनं सरकी काढलेला कापूस आणला, बोटाला चिमूटभर राख लावून वात कशी वळायची ते दाखवलं. शिकवायला तीन महिने लागले. मग मोजण्याचा घोटाळा. आत्याआजी विसाच्या पुढे जाईना आणि नुसतं वळत बसली तर थांबेना. तेव्हा आजीला भोकं चाचपणारी ती बाई आठवली. तिला डोळे नव्हते, म्हणून मोजणं बोटांत आलेलं. इथं आकडा नव्हता, म्हणून तो चिंचोक्यात आला. पुष्कळ वर्षांनी मी पुण्यात आत्याआजीसारख्या मुलांच्या एका कार्यशाळेत गेले. तिथं वीस-पंचवीस वर्षांची मुलं पणत्या रंगवत होती, पाकिटं भरत होती. एका मुलासमोर दहा खळगे पाडलेली लाकडी फळी होती. प्रत्येक खळग्यात एक पणती ठेवली की दहा झाल्या, खोकं बंद. शिक्षिका मला ती फळी कौतुकानं समजावून सांगत होत्या आणि मला पितळेचे दोन डबे दिसत होते.

केडगावातच, रमाबाईंच्या मिशनपासून जवळ, नारायण महाराजांचं बेट आहे, तिथं दत्ताचं मंदिर. आजीनं लक्षवातीचा संकल्प केला तो तिथला. पुढच्याच्या पुढच्या दत्तजयंतीला आजी आणि आत्याआजी पाच हजार जुड्या पोत्यात भरून पॅसेंजरनं केडगावला गेल्या. पोतं उचलायला आजोबा होते. ज्या काकांनी 'बाटवतील' म्हणून सर्वांत मोठा आवाज केला होता, तेही बरोबर आले, आणि लोकांना सांगत होते, आमच्या घरची लक्षवात आहे. आजीनं त्यांना खरं कधी सांगितलं नाही. आमच्यापाशी मात्र हसून म्हणायची, "मिशनकडून उसनं आणलं आणि दत्ताला फेडलं."

मग गल्ली आत्याआजीकडे यायला लागली. चातुर्मासात तर रांगच. "आत्याबाई, दोन जुड्या आहेत का?" कुणी कापूस आणून द्यायचं, कुणी पैसे. ते पैसे आजी वेगळ्या बटव्यात ठेवायची. संक्रांतीला कासार आला की आत्याआजीच्या बांगड्या त्या पैशांतून भरल्या जायच्या आणि कासाराच्या हातावर पैसे तीच ठेवायची. खुळी हा शब्द गल्लीतून कधी गेला ते कुणाला सांगता आलं नसतं. ती वातवाली आत्याबाई झाली.

ही गोष्ट इथं संपली असती तर मला लिहायची गरज नव्हती. आजी गेल्यानंतर काही वर्षांनी मी आमच्या चुलत आजीला भेटले. १९४४ साली त्याच घरात होत्या त्या. मी केडगावचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, "बघायला? बघायला नव्हती गेली तुझी आजी. सोडायला गेली होती. मी बोचकं बांधून दिलं ना. दोन लुगडी, एक तांब्या, आणि वन्संची फणी. तासाभराच्या भेटीला फणी कोण नेतं गं?"

मी तेव्हापासून त्या फणीचा विचार करते. आजीनं ती बोचक्यात घातलेली पाहिली होती का? परतीच्या गाडीत ते बोचकं मांडीवर घेऊन ती काय विचार करत बसली असेल? तिनं आम्हाला सांगताना गोष्टीतून बोचकं वगळलं, याचा मला राग येत नाही. कदाचित म्हणूनच ती खोट्या कामाविषयी इतकी कडक होती. आणि मला असंही वाटतं, की ती बोचकं तिथं ठेवून आली असती तरी ते पाप ठरलं नसतं. वन्संना घमेल्यापाशी जागा मिळाली असती. बदल्यात त्यांचं घर, घरचे सण, दिवेलागणीचा शुभंकरोतीचा आवाज सुटला असता. काकांच्या आरड्याओरड्यात एवढा एक प्रश्न खरा होता: आसऱ्यासाठी माणसानं आपला देव का बदलावा? पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्या मठांत, धर्मशाळांत आत्याआजीसाठी एक घमेलं नव्हतं. मिशनच्या आवारात होतं. ते कुणी कशासाठी ठेवलं यावर वाद घालता येतो. ते होतं, यावर नाही.

बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथं संत डिम्फ्ना हिची समाधी. वेडावलेल्यांना बरं करणारी म्हणून मध्ययुगापासून तिची ख्याती. यात्रेकरू आपल्या वेड्या माणसांना घेऊन यायचे, चर्चच्या खोल्या भरून जायच्या, मग गावकरी त्यांना घरी ठेवून घ्यायचे. नवस फिटला तरी काही जण राहायचे. गाई हाकायचे, लाकडं फोडायचे, घरातली मुलं खेळवायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. दुसऱ्या महायुद्धाआधी त्या एका गावात अशी साडेतीन हजारांहून जास्त माणसं कुटुंबांत राहत होती. त्यांना रोगी म्हणत नाहीत, घरचे पाहुणे-भाडेकरू म्हणतात, आणि माणसाला झालंय काय हे घरच्यांना सांगायचीही पद्धत नाही. आज संख्या पुष्कळ घटली आहे, सरकारी वैद्यकाची देखरेख आहे, पण रीत टिकून आहे. गीलविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीची आठवण आली. समाधीपाशी सुरू झालेली गोष्ट स्वयंपाकघरात टिकली. केडगावचंही आमच्यापुरतं तेच झालं.

केडगावचं मुक्तिमिशन आजही आहे. आता आपल्याकडे २०१६चा कायदा आहे, एकवीस प्रकारची अपंगत्वं त्यात मोजली आहेत, राखीव जागा आहेत, दाखले आहेत. हे सगळं हवंच; आत्याआजीच्या वेळी असतं तर पणजीच्या तेराव्याला तो तमाशा झाला नसता. तरी माझ्या ओळखीच्या घराघरांत चाळिशीला आलेले मुलगे आणि मुली टीव्हीपुढे बसून आहेत, आणि त्यांचे सत्तरीचे आईबाप एकच प्रश्न विचारतात: आमच्यामागं काय? दाखला त्यांच्या कपाटात आहे. घमेलं नाही.

आत्याआजी १९७३ साली गेली, मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. घरात माणसं जमली, रात्री सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघराशी गेले तेव्हा आजी कोनाड्यासमोर बसली होती. डाव्या डब्यात पाच चिंचोके राहिले होते. उजव्यात नऊ.

सुतकात वाती कशाला, असं कुणीतरी म्हटलं. आजीनं ऐकलं नाही. तिनं कापूस ओढला, बोटाला राख लावली आणि उरलेल्या पाच जुड्या करायला बसली. मी शेजारी बसून तिनं बांधलेल्या जुड्या मोजल्या. पहिलीत एकोणीस निघाल्या. दुसरीत बावीस. तिसरीत पुन्हा एकोणीस. आजीनं त्या सोडल्या, परत बांधल्या, परत चुकल्या.

"अगं, काय झालं?" मी विचारलं.

"मला विसाच्या पुढचंही मोजता येतं ना," ती म्हणाली, "मन पुढं पुढं जातं. त्यांचं कधी चुकलं नाही."